कशावरून?

"ब्रह्मदेवानं सृष्टी घडवली, हे विज्ञानाच्या तासाला शिकवा!" शाळेचे अध्यक्ष असलेले कीर्तनकार बुवा वर्गात येऊन गरजले.

कोवेबाईंनी खडू पुढे केला. "तुम्हीच शिकवा, बुवा."

बुवांनी इतकं रंगवून सांगितलं, की आम्ही सातवीची पोरं गुंगून गेलो. पण ते थांबताच, बाईंनी लावलेल्या सवयीनं, सगळे एका सुरात ओरडलो, "कशावरून?"

कीर्तनात त्यांना असं कधी कुणी विचारलं नव्हतं. बुवा म्हणाले, "श्रद्धा आहे माझी. पुरावा नाही." खडू परत देऊन ते मागच्या बाकावर आमच्यात बसले.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'सजीव हळूहळू बदलत गेले.'

आम्ही तोंड उघडण्याआधीच मागून बुवांचा खणखणीत आवाज आला, "कशावरून?"

आज कुठेच नसलेल्या माशाचा ठसा उमटलेला दगड बाईंनी अदबीनं त्यांच्या हातात ठेवला.