किमयाची भूक

“उदास वाटलं की ती खाते का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?” नमिता मॅडमनी विचारलं.

“नेहमी,” रोहिणी म्हणाली. आईला नाही कळणार तर कोणाला?

रोह्याच्या शाळेत मुलांची वजनं झाली, त्यात किमयाचं वयाच्या मानानं फार भरलं.  आता मुलं भूक नसताना का खातात, हे तपासायला पेणच्या दवाखान्यातल्या या मॅडम थेट निडी गावात घरी आल्या होत्या.

“तिचे बाबा डोलवीला कंपनीत हायत. आठवडाभर तिकडंच ऱ्हातात. रविवारी पण ड्यूटी लागली असा फोन आला, का पोर गप्प होते. मग मी घावनं घालते. ताटभर फस्त करते बघा. पोटात गेलं का हसते जरा.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय? तिला खाताना बघितलं का माझं पोट भरतं.”

मॅडम हसल्या. “आता तिला एकटीला विचारते.”

रोहिणी आत गेली. गेली म्हणजे, दाराआड उभी राहिली. लेकीची काळजी असली की असा चोरटेपणा माफ असतो.

“किमया, उदास वाटलं की खावंसं वाटतं?”

“नाय.”

“राग आला की?”

“नाय.”

“बाबांची आठवण आली की?”

“नाय. तवा तर घास पण उतरत नाय.”

रोहिणीनं कपाळाला हात लावला. बारा वर्षांची झाली नाही तोच कार्टी धडधडीत खोटं बोलायला शिकली! बाहेर जाऊन कान धरावा असं तिला वाटलं. पण पोर लाजत असेल, या विचारानं तिचा जीवही तुटला. आज घावनांबरोबर नारळाचा रस काढू, असं तिनं ठरवूनही टाकलं.

“मग भूक नसताना कधी खातेस तू?”

किमयानं आवाज खाली आणला. “आईला सांगणार नाय ना?”

“नाही सांगणार.”

“बाबांचा फोन झाला का आई न्हाणीत जाऊन रडते. मग तोंड धुऊन येते आनि माझ्यासाठी घावनं घालते. मी खायला लागले का ती हळूहळू गप होते. पण दोन घावनांत नाय थांबत तिचं रडू, मॅडम. पाच लागतात.”