स्वदेशी घरातली शेगडी

विलायती मालाची झडती घेणारी तुकडी शेजारच्या घरात शिरली, तेव्हा चारुदत्त वकील हातात पेचकस घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. समोर टेबलावर विजेची शेगडी होती. कुठल्या देशात बनली ते तिच्या पोटावर ठळक इंग्रजी अक्षरांत कोरलेलं होतं.

"इतक्यात हात लावू नका," त्याची बायको कमला म्हणाली. "सकाळचा भात तिच्यावरच झालाय."

परदेशी वस्तू वापरायची नाही, अशी शपथ त्या वर्षी रत्नागिरीत घरोघर घेतली जात होती. ती घ्यायला लावणाऱ्यांत चारुदत्त सगळ्यांच्या पुढे. तो सभेत बोलायला लागला की माणसं अंगातले कोट काढून होळीत टाकत. झडती पुढाऱ्यांच्या आळीपासून सुरू व्हावी, ही सूचनाही त्याचीच. त्या क्षणी त्याला शेगडीचा विसर पडला होता, की आठवण असूनही टाळ्यांच्या भरात तो बोलून गेला, हे कमलाने त्याला विचारलं नव्हतं.

शेगडी त्याने तिच्यासाठीच आणली होती. चुलीच्या धुराने तिला दम लागायचा. गेल्या थंडीत ती दोनदा मरता मरता वाचली. धुराजवळ फिरकायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावातल्या ज्या मोजक्या घरांत वीज आली त्यांत यांचं घर होतं. शेगडी बोटीने आली आणि खोक्यात कायद्याची पुस्तकं आहेत असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

ती जोडून देणारा मिस्त्री मुंबईचा होता. तो काम उरकून परत गेला होता. गावातल्या केरू मिस्त्रीला बोलवावं, तर तो तुकडीतच होता.

"खरं सांगून टाकलं तर?" कमलाने विचारलं.

चारुदत्तने ओटीवर जाऊन खटका पाडला. स्वयंपाकघरातला दिवा विझला. वीज गेली म्हणत तो परत आला आणि पेचकस तारेच्या तोंडाशी नेऊ लागला.

कमलाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तो खटका दिव्यांचा. शेगडीची तार वेगळी आहे. तिचा खटका कोठीच्या दाराआड."

त्याने पेचकस खाली ठेवला. कमला स्वतः कोठीत गेली. तिने खटका पाडला, वरचे चिनी मातीचे दोन्ही फ्यूज उपसून काढले आणि कुणी चुकून परत बसवू नयेत म्हणून पदरात बांधले. मग येऊन तिने शेगडीची कळ चालू बाजूला फिरवली आणि तिच्या वरच्या लोखंडी तव्यावर तळवा अधांतरी धरला.

तवा कोमट होता. ही धग सकाळची, की तारेत अजून वीज आहे, ते कळायला मार्ग नव्हता. तवा निवतो का, हे बघत थांबणं भाग होतं.

शेजारून ट्रंका ओढल्याचे आवाज येत होते. चारुदत्त घाई करायला लागला, तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटलं. हळूहळू धग ओसरत गेली. तवा अगदी गार झाल्यावरच ती बाजूला झाली.

तरीही धक्क्याच्या भीतीने तो कोरड्या पाटावर उभा राहिला. एक हात पाठीमागे ठेवून त्याने एकेक पेच सैल केला. तारा सुटल्या. कमलाने प्रत्येक टोकाला रबरी पट्टी वेगवेगळी गुंडाळली. तारा भिंतीतून बाहेर आल्या होत्या, त्या लपवायला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने वरच्या खिळ्याला सूप अडकवलं. शेगडी दोघांनी उचलून कोठीतल्या भाताच्या कणगीत खोल पुरली.

मग तिने चूल पेटवली. कित्येक महिन्यांनी पेटत होती. लाकडं ओली होती. धूर घरभर झाला आणि कमलाला खोकल्याची उबळ आली. चारुदत्त तिला बाहेर नेऊ लागला, पण ती चुलीपुढून हलली नाही.

तेवढ्यात तुकडी दारात आली. पुढे आनंदीबाई होत्या. गाव त्यांना वचकून असे. मागच्या सभेत पिशवीत विलायती बिस्किटांचा एक डबा सापडला म्हणून त्यांनी एका मास्तरांच्या बायकोला भर मैदानात उभं केलं होतं. ती बाई त्यानंतर घराबाहेर पडली नव्हती.

माणसांनी ओटी आणि माजघर पाहिलं. एक आरसा आणि एक मखमली टोपी घेतली. चारुदत्तने दोन्ही वस्तू स्वतःच्या हाताने काढून दिल्या. स्वयंपाकघरात पुरुषांनी जायचं नाही, असा आनंदीबाईंचा नियम होता. त्या एकट्याच आत आल्या.

त्यांनी फळ्या पाहिल्या, कोठीत डोकावून पाहिलं. चुलीशी वाकून आत बघितलं. आत जुनी राख नव्हती. त्यांनी खोकणाऱ्या कमलाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आणि पुढे होऊन सूप उचललं.

आनंदीबाई तारांच्या त्या दोन टोकांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी बाहेर आवाज दिला. इथे काही नाही, तुम्ही पुढच्या घरी व्हा, मी येतेच. पावलं अंगणाबाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या. मग स्वयंपाकघराचं दार लोटून त्यांनी आतून कडी घातली.

"ह्यांचं नाव सभेत घेऊ नका," कमला कशीबशी म्हणाली. "शेगडी माझ्यासाठी आणली. उभं करायचं तर मला करा."

आनंदीबाई तिच्या अगदी जवळ आल्या. त्यांचा आवाज कुजबुजण्याइतका खाली आला होता.

"अगो, ते राहू दे. आधी कुठला खटका पाडलात, ते नीट सांग. उद्या आमच्याकडे झडती आहे."