डाव्या कात्र्यांचा दिवस

महिन्यातून एक दिवस कारखान्यात डावखुऱ्यांसाठी कात्र्या बनत. त्या दिवशी साचे, धार लावायची चाकं, सगळं उलटं बसवावं लागे आणि अख्खा कारखाना आरशात शिरल्यासारखा भासे. नवी हिशेबनीस हातात घड्याळ घेऊन दिवसभर त्या आरशात तरंगत राहिली. कोणतं काम किती वेळ खातं, ते टिपत गेली. संध्याकाळी तिने कागद मालकीणबाईंपुढे ठेवला.

"बाई, एका डाव्या कात्रीवर उजवीच्या आठपट खर्च होतोय. जुन्या वह्यांत मात्र वरखर्च सगळ्या कात्र्यांवर सारखाच वाटलाय. उंटावरून शेळ्या हाकल्यात नुसत्या! लिहिणाराही गबाळाच, पानापानावर शाई फासलेली. आता डावीचा भाव तरी वाढवा, नाहीतर ती बंदच करा."

बाई खिडकीबाहेर बघत हसल्या. "अगं, त्या वह्या मीच लिहिल्यात. शाळेत सगळ्यांचे कागदी चंद्र कसे गोल कापले जायचे. माझाच फाटायचा."

त्यांनी पेन उचललं, कागदावर 'भाव तोच' असं सावकाश लिहिलं, आणि ओल्या शाईवरून त्यांचा डावा तळवा अलगद सरकत गेला.