दोन्ही गालांचं हसू

लेक पोटात असतानाच हेमांगीच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं. हालचाल थोडीफार परतली, पण तोंड वाकडंच राहिलं. तेव्हापासून ती तोंडावर हात धरूनच हसायची. लेक शाळेत जाऊ लागल्यावर ती एकदाची त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली.

"नवा चेहरा नाही देणार, तुमचाच परत आणू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी बसलेल्या गालात थोडं फिलर भरलं आणि तोंड ओढून धरणाऱ्या बाजूला स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची हलकी इंजेक्शनं दिली.

पंधरवड्यानं त्यांनी आरसा समोर धरला. "हसा बघू."

हेमांगी घाबरतच हसली. ओठांची दोन्ही टोकं एकदम वर गेली. आरशातून जुनी हेमांगी तिच्याकडे बघत होती.

शेजारी बसलेली लेकही टक लावून बघत होती. स्वतःच्या गालाला हात लावत ती हळूच म्हणाली, "आई, तू तर अगदी माझ्यासारखी हसतेस गं!"