ज्याची छाती साफ

पेटी टेम्पोतून उतरवली तेव्हा तिच्यावर आधारचं नाव होतं, आणि उतरवणाऱ्या चौघांत एक आधारच होता. नाव इंग्रजीत, खाली अरबीत. इंग्रजी अक्षरं त्याला लावून लावून वाचता येत. त्यानं ती वाचली आणि पेटीची ती बाजू आपल्या अंगाकडे घेतली.

आत भाईदास होता. त्याचा धाकटा भाऊ.

दोघेही अमळनेरला सेंट्रिंगच्या कामावर जायचे. शहाऐंशी साली आखातातल्या कामाचा व्हिसा आला तो आधारच्या नावावर. पासपोर्ट त्याचा, फोटो त्याचा. पण मुंबईला डॉक्टरी तपासणीत त्याच्या छातीत डाग निघाला. लहानपणी बरा झालेला खोकला त्या काळ्या फिल्मवर अजून बसून होता. एजंटनं वाट काढली. दुसऱ्या दवाखान्यात आधारच्या नावावर भाईदासला उभं केलं. मग म्हणाला, तिथे उतरल्यावर पुन्हा छातीचा फोटो काढतात, तेव्हा ज्याची छाती साफ त्यानंच जावं. भावाभावांचे चेहरे मिळतेजुळते, पासपोर्टवरचा फोटोही अंधुक. भाईदास तयार नव्हता. आधारनंच त्याला समजावलं. भाईदासची बायको कलाबाई नको म्हणत होती, तिचीही समजूत त्यानंच घातली. दोन वर्षं काय, बघता बघता जातील, म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तार आली. परांचीवरून पडून आधार मयत. वाचून दाखवता दाखवता पोस्टमन आधारच्या तोंडाकडे बघत राहिला.

गावातलं बुद्धवंदनेचं काम बघणारे पितांबर आबा तेव्हा घरोघर फिरले. खरं सांगितलं तर पेटी आल्या पावली परत जाईल, मग ती कोणत्या शवागारात पडून राहील सांगता येत नाही, असं त्यांनी एकेकाला बसवून सांगितलं. माणूस आधी मातीला लागू द्या, म्हणाले. गावानं ऐकलं. आज पेटीबरोबर तालुक्याहून हवालदार आला होता आणि मुंबईहून कंपनीचा एक कारकून. अंगणात एवढी माणसं होती, पण कोणी आधारला नावानं हाक मारत नव्हतं.

मयताची बायको कोण, असं हवालदारानं विचारलं.

आधारची बायको रुक्माबाई बायकांत उभी होती. काय बोलायचं ते तिच्याकडून आधीच घोकून घेतलेलं होतं. पण आता नवरा समोर खांबाला टेकून उभा असताना तिचे पाय उचलेनात. हवालदारानं पुन्हा विचारलं. तेव्हा शेजारी उभ्या कलाबाईनं तिच्या पाठीला हात लावला.

"तू जाय, अक्का," ती हळूच म्हणाली. "नहीते त्या त्याले परत लई जातीन."

रुक्माबाई पुढे गेली. कारकुनानं झाकण सरकवलं, तोंड तेवढं उघडं केलं. हाच का, असं हवालदारानं विचारलं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जात होता. सकाळी त्याच्या डोक्याला तेल लावून भांग पाडायची ती.

"हाऊच शे," रुक्माबाई म्हणाली, आणि तिला जे रडू फुटलं ते काही शिकवलेलं नव्हतं. ती पेटीच्या कडेवर पडली. बाईंना पाणी द्या कोणी, कारकून म्हणाला. कलाबाई आत जाऊन पाणी घेऊन आली. तिनं एका हातानं रुक्माबाईला सावरलं आणि दुसऱ्या हातानं पेला तिच्या तोंडाला लावला. कलाबाईच्या गळ्यात काळी पोत तशीच होती. डोळे कोरडे होते. पेटीतल्या तोंडाकडे तिनं एकदाच बघितलं, तेही पेला खाली ठेवताना.

अंगणातच वंदना झाली. हवालदार टोपी काढून उभा राहिला. पंचशील म्हणताना पितांबर आबांचा आवाज नेहमीसारखा होता. मग श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला ते पुढे झाले, दिवंगत म्हणाले आणि थांबले. माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली.

"दिवंगत आधार," आबा म्हणाले.

आधार हात जोडून उभा होता. आपल्याला मुंबईचं विमान बघायलासुद्धा मिळालं नव्हतं, हे त्याला उगाच आठवलं. भाईदासनं पाठवलेल्या प्रत्येक पत्राखाली सही मात्र आधारची असायची. तिथे कोणी बघितलं तर, म्हणून. आबा बोलत होते. आधार कष्टाळू होता, आधारनं कधी कोणाचं मन मोडलं नाही. ते कोणाबद्दल बोलत आहेत हे सगळ्यांना कळत होतं. कोणीही आधारकडे बघत नव्हतं. त्या अंगणात आपण फक्त हवालदारालाच दिसत आहोत, असं त्याला वाटलं.

वंदना संपली. उचलायची तयारी सुरू झाली, तसा हवालदार टोपी घालून पुढे आला. त्याला संध्याकाळच्या आत तालुक्याला पोचायचं होतं. मयत ताब्यात कोण घेणार, म्हणाला.

"मी," आधार म्हणाला. "भाऊ."

"नाव सांगा."

आधारनं पितांबर आबांकडे बघितलं. आबांनी मान दुसरीकडे वळवली.

"भाईदास," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला. हवालदाराला ऐकू आलं नाही, म्हणून त्याला पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं.

बायकांत बसलेल्या कलाबाईनं एकदम मान वर केली आणि रस्त्याकडे बघितलं.