प्रयोगशाळेचं नाक

काचेच्या नळीला नाक लावून हर्णेबाई बसल्या होत्या. बांबूच्या धुरापासून काढलेला अर्क यंत्रात सोडला होता. त्यातला एकेक वास सुटा होऊन नळीतून यायचा आणि बाईंनी तो ओळखायचा. वीस वर्षं प्रयोगशाळेचं नाक त्याच होत्या.

गेल्या महिन्यातल्या तापापासून बाईंना वासच येत नव्हता. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पडद्यावर आलेखाचं टोक वर चढलं की त्या सवयीनं लिहीत, 'जळका.' पुढचं टोक. 'लवंगेसारखा.'

मदतनीस रेवती दार ढकलून आत आली आणि नाकाला ओढणी लावून मागे सरली. "अहो बाई, खिडकी तरी उघडायची! कधी सांडलं हे?"

बाईंनी खाली पाहिलं. कलंडलेल्या बाटलीतून ओघळलेला तपकिरी अर्क त्यांच्या निऱ्यांत मुरून वाळायलाही लागला होता.