आबांचे टोळ

"आले बघ," लॅपटॉपमागून मनोजचे वडील सावळीराम म्हणाले. जिंकणाऱ्याचा जोर त्या आवाजात कुठंच नव्हता.

मनोजनं आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. पश्चिमेच्या दारातून टोळ आत घुसले होते. कामगार जीव घेऊन पळाले, कोठार पडलं, आणि दोन मिनिटांत त्याचं ठाणं खलास झालं.

"वा आबा! आज पण तुम्हीच!" मनोजनं टाळ्या वाजवल्या.

आबा हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

गेम सोपाच होता. एका बाजूला माणसांचं ठाणं, दुसऱ्या बाजूला परग्रहावरचे किडे. त्यातला सगळ्यात स्वस्त किडा म्हणजे टोळ. हे नाव आबांनीच ठेवलेलं. एक गोळी लागली की मेला, पण पळायला भारी चपळ, आणि झुंडीनं आला की सगळं फस्त. त्यावर तोड एकच. पहिल्या दोन मिनिटांत दार लावून घ्यायचं, बस्स. मग बसू देत बाहेर डोकं आपटत. चार दिवस खेळणारं पोरही एवढं शिकतं, आणि मनोज तर कॉलेजात असल्यापासून खेळत होता.

आबांचा जन्म मात्र मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडण्यात गेलेला. माऊस धरायला शिकले हेच पुष्कळ! मनोजनं दुसरे किडे शिकवून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. टोळ जमवायचे आणि पश्चिमेकडून सोडायचे. रोज तोच डाव, तीच वाट.

म्हणून मनोज दार उघडं ठेवायचा. मुद्दाम. म्हाताऱ्याला तेवढाच आनंद.

दसऱ्याची फुलं विकून येताना पेठ रोडला मोटारसायकल घसरली, मनोज आणि आबा दोघंही पडले, आणि तेव्हापासून घराला साडेसाती लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला रोज काम द्या, गेम खेळलात तरी चालेल. पण येत्या शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही, तर एकट्याला घराबाहेर सोडायचं नाही. मळ्यात नाही, बाजारात नाही. पुढं कायमचंच. ते ऐकताना आबा कसे पांढरेफटक पडले होते! कधी कुणाची सोबत न मागता फुलबाजार गाठणारा माणूस, त्याला असा कोंडून घालायचा? त्यापेक्षा रोज जिंकू देत. डॉक्टरांना दाखवायला काहीतरी होईल.

"आई, चहा नाही दिलास," तो म्हणाला.

ठमाबाईंनी त्याच्या पुढ्यातल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं. आईचंही चित्त हल्ली थाऱ्यावर नव्हतं. मळ्यात जाताना ती दाराला बाहेरून कडी घालायची, न जाणो, आबा कुठं निघून गेले तर. बिचारी.

"अजून एक डाव खेळू, मनू," आबा म्हणाले. "या टायमाला जरा ध्यान दे."

"मी देतोच की! तुम्ही द्या."

"देतो, बाबा. देतो."

गुरुवारी मात्र आबांचं काहीतरी बिनसलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली, पंधरा गेली, तरी टोळ येईनात. मनोजनं मान वर करून पाहिलं, तर आबा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत बसलेले.

"आबा, सोडा ना टोळ! विसरलात काय?"

"सोडतो. तुझं समदं झालं का? मी पश्चिमेकडूनच सोडनार हाय बरं का. सांगून ठेवतो."

"सोडा हो, कुठूनही सोडा!"

"पश्चिमेकडून," आबा पुन्हा म्हणाले. थोड्या वेळानं आणखी एकदा म्हणाले. एकच गोष्ट किती वेळा सांगायची, याचंही त्यांना भान उरलं नव्हतं.

अर्ध्या तासानं टोळ आले. एरवी शंभर-शंभर यायचे, आज मोजून पाच. म्हातारा झपाट्यानं खालावत चालला होता. ते पाच टोळ उघड्या दारातून शिरले आणि एकेक कामगार खात सुटले. मनोजचे सैनिक भलतीकडेच उभे होते. अर्थात, मुद्दामच.

"जिंकलात, आबा!"

आबांनी लॅपटॉप मिटला आणि टॉवेलात तोंड लपवून ढसाढसा रडायला लागले. आता याला काय म्हणावं! जिंकलेला रडतोय आणि हरलेला समजूत घालतोय. मनोजनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाबरता कशाला? उद्या मी आहे ना सोबत."

शुक्रवारी दोघं रिक्षानं गंगापूर रोडला गेले. मनोजनं रस्ताभर आबांचा हात धरून ठेवला. आबांनीही त्याचा हात सोडला नाही.

दवाखान्यात नंबर लागला तसं मनोजनं आबांना दंडाला धरून आत नेलं, डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसवलं, आणि कुणी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "डॉक्टर, खूप फरक आहे. रोज जिंकतात. एक दिवस हरले नाहीत!"

डॉक्टरांनी हळूच मान हलवली. "काका, तुम्ही जरा मागच्या खुर्चीत बसा. मनोज, स्टुलावर तू बस."

मनोजच्या डोळ्यांत छोट्या टॉर्चचा उजेड टाकत त्यांनी आबांना विचारलं, "कालचं काय?"

आबांनी टॉवेलानं डोळे पुसले.

"पाचच सोडले, डॉक्टर. अर्धा तास थांबलो, कुठून येनार त्ये बी सांगितलं. पोरानं दार नाय लावलं."